चार ठिकाणी श्वास

८ डिसेंबर २०२४, रविवार

आज कोरीटला जाऊन प्रमिलामावशींना दीपमालाच्या गाण्याचं नवं परीक्षण वाचून दाखवलं. ‘वाचून दाखवलं’ हे खरं नाही, म्हणून ही वही उघडली आहे.

आधी सगळं नीट लिहितो. दीपमाला आणि मी कोरीटचे, एकाच वर्गातले, सायकलवर नंदुरबारच्या हायस्कूलला जाणारे. तिथे प्रार्थनेची गाणी शिकवायला एक परदेशी बाई यायच्या. त्यांनी तिचा आवाज हेरला. पुढे ती मुंबईला आणि तिथून जर्मनीला गेली. तिथल्या एका मध्यम शहराच्या ऑपेरा थिएटरात ती बावीस वर्षं गाते आहे. ऑपेरा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन केलेलं नाटक. तिचा आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजातली सर्वांत उंच पट्टी. हजार माणसांसमोर, माईक न लावता.

पेपरात तिच्याबद्दल जे छापून येतं ते ती इंग्रजी करून मला पाठवते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. रविवारी मोटारसायकलवर कोरीटला जाऊन ते तिच्या आईला, प्रमिलामावशींना, अहिराणीत सांगतो. मावशी चौथी शिकलेल्या. त्या ऐकतात आणि मग एका वहीत तारीख घालून दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतात.

२००९ साली एकाने लिहिलं होतं, आवाज चांदीसारखा आहे. मावशी म्हणाल्या, “चांदी कोठे वाजस रे मास्तर? चांदी ते मुकी ऱ्हास.” मी चांदी काढून काशाचं ताट घातलं. त्यांना पटलं. तेव्हापासून मी थोडंथोडं बदलत आलो आणि त्याला भाषांतर म्हणत आलो.

सगळ्या परीक्षकांनी तिच्या एका गोष्टीची न चुकता स्तुती केली आहे, ती म्हणजे श्वास. ‘ती लांबात लांब ओळ एका श्वासात पार करते आणि ओळ संपली तरी तिच्याजवळ काही शिल्लक आहे असं वाटतं.’ हे मावशींना समजावताना मला कष्ट पडले नाहीत. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या असत, वाळत घातलेल्या, शेतच्या शेत लाल. ठसका लागू नये म्हणून आम्ही पथारीच्या अलीकडे श्वास रोखायचो. मी अर्ध्यात खोकायला लागायचो. ती शेवटच्या टोकाला जाऊन श्वास सोडायची आणि मागे वळून हसायची.

आजचं परीक्षण एका नव्या ऑपेराचं होतं. त्यात ती एका वयस्क धोबिणीची भूमिका करते. परीक्षकाने लिहिलं आहे: ‘व्यक्तिरेखेची समज पूर्वीइतकीच खोल आहे. पण वरचा आवाज आता दमला आहे. लांब ओळी तोडून गायल्या जातात. श्वास तोकडा पडतो.’ खाली दीपमालाचा निरोप होता: ‘हे आईला जसं आहे तसं वाच.’

मी मावशींना सांगितलं की समज खोल आहे आणि श्वास अजून तसाच लांब आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “थकेल शे असं काही लिखेल शे का?”

“नही, मावशी.”

त्यांनी वही काढली.

९ डिसेंबर

काल ते का केलं याचा विचार दिवसभर तास घेताना डोक्यात होता. एक उत्तर असं की म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये. पण मावशी दुखावतील असं त्यांनी कधी दाखवलेलं नाही. दुसरं उत्तर असं की एका परीक्षकाचं मत म्हणजे सत्य नव्हे. हे बरोबर आहे. पण मग आजवरच्या स्तुतीलाही मी हा नियम लावायला हवा होता.

दीपमालाला कळवलं, वाचलं, आई खूश आहे. तिचं उत्तर आलं: ‘बरं.’ एवढंच. तालमी चालू असतील.

२२ डिसेंबर, रविवार

तिने धोबिणीच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. मावशींना डाव्या कानाने पूर्वीपासून कमी ऐकू येतं, म्हणून मोबाइल उजव्या कानाजवळ धरला. अंगणात त्यांच्या जाऊ जसोदाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी ‘इथे’ म्हणून हात वर केला. “आठे श्वास लिधा तिनी.”

मी मागे नेऊन पुन्हा लावलं.

“देख, आखो लिधा. पहिले असं नही करे ती.”

मावशी लग्नाच्या आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांत अख्ख्या गावाच्या पुढे असायच्या. सूर कोणी सोडला ते त्यांना पाठमोऱ्या कळायचं. हे सगळं मला माहीत आहे. तरीही मी म्हणालो की मोबाइलवर असंच तुटक ऐकू येतं, आणि तिकडच्या मोठ्या मोठ्या जाणकारांनी श्वास तसाच आहे असं लिहिलंय, मागच्याच वेळी वाचलं ना.

त्यांनी मोबाइल हळूच माझ्या हातात परत दिला. “मंग मन्हा कानच गया.”

जसोदाबाई हसल्या. म्हणाल्या, कान जाऊ दे, जीभ शाबूत आहे तोवर आमची सुटका नाही. मीही हसलो. मावशी हसल्या नाहीत, हे घरी आल्यावर आठवलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

आणखी एक परीक्षण आलं. एका चर्चमध्ये मैफल झाली होती. ‘आवाजाचा मधला भाग अजून उबदार आहे, उंचीवर मात्र तो आता आज्ञा पाळत नाही.’ मी पहिलं अर्धं वाक्य वाचलं आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःचं घातलं: तिने शेवटचा सूर लावला तेव्हा खिडक्यांतून उन्हं आत आल्यासारखं वाटलं.

मी टाचण काढून नेतो. संध्याकाळी ते माझ्या पत्नीच्या, स्वप्नालीच्या हातात पडलं. तिने विचारलं, “खिडक्यांतून उन्हं, हे कुठल्या पेपरात आलंय?”

मी म्हणालो, भावार्थ आहे.

“बावीस वर्षांत माझ्या कशाचा असा भावार्थ नाही निघाला,” ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली. तिचा स्वभाव थट्टेचा आहे. तिच्यावर लिहायला कोणी परीक्षक नाहीत, हे तिच्या लक्षात आणून द्यावंसं वाटलं, पण ते बोललो नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज नेण्यासारखं काही नव्हतं. नुसताच गेलो. मावशींच्या घरातला टीव्ही रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मी दोनदा हाक मारली, त्यांनी पाहिलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकल्या.

जवळ बसून मोठ्याने बोललो. त्या म्हणाल्या, दहा-बारा दिवसांमागे सकाळी उठल्या तर उजव्या कानात पिठाची चक्की चालू. तेव्हापासून ती थांबत नाही आणि बाहेरचं फारसं आत येत नाही.

मी विचारलं, मला का कळवलं नाही.

“काय कळाडानं? कान गया मन्हा. तूच ते सांगं.”

मी असं काही सांगितलेलं नव्हतं. वाद घातला नाही. म्हणालो की वय झालं की असं होतं, थंडी ओसरली की बरं वाटेल, तेल मात्र घालू नका. दीपमालाला बोलायचं का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, तिचा मोठा हंगाम चालू आहे. कामात असलेल्या माणसाला घरची रडगाणी सांगू नयेत. ती दर रविवारी दिसते ना मोबाइलवर, तेवढं पुरे.

२ फेब्रुवारी, रविवार

तिसरं परीक्षण. पहिल्या दोन्हींपेक्षा कठोर. ‘या गायिकेने या शहराला जे दिलं त्याबद्दल कृतज्ञता आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो: आता थांबण्याची वेळ झाली आहे.’

परीक्षक सभ्य माणूस असावा. मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं. खोडसाळ असतं तर सोडून देणं सोपं गेलं असतं.

मावशींना आता कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागतं. ओरडून खोटं बोलता येत नाही हे आज समजलं. मी फक्त म्हणालो, “कृतज्ञ शेतस लोके.” त्यांनी मान हलवली. किती पोचलं कोण जाणे. वहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

दीपमालाने विचारलं: ‘आई काय म्हणाली?’ मी लिहिलं: ‘म्हणाल्या, चांगलं चाललंय, चालू दे.’ मावशी शब्दशः असं म्हणाल्या नव्हत्या, पण याच अर्थाचं एरवी म्हणतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल मावशींना नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा कान जवळजवळ पूर्ण गेला आहे. डावा आधीच अधू. मशीन लावून पाहिलं. मावशी म्हणाल्या, गोणीत तोंड घालून कोणीतरी बोलतंय असं वाटतं, शब्द नाही.

डॉक्टर तरुण आहेत, शांतपणे बोलतात. त्यांनी विचारलं, कधी झालं. मी म्हणालो, जानेवारीच्या आठ-नऊ तारखेला, एका सकाळी.

“एका सकाळी अचानक गेलं? मग त्याच आठवड्यात यायला हवं होतं. पहिले दोन आठवडे औषधाने कान परत येण्याची बरीच शक्यता असते. आता सहा आठवडे झालेत.”

मी म्हणालो, वयामुळे असेल असं वाटलं.

“हे वयाचं नाही. वयाचं हळूहळू होतं. त्यांना आधी काही त्रास होता का? गाणं वगैरे नीट ऐकू येत होतं?”

मी म्हणालो, हो. येत होतं. अगदी नीट येत होतं.

मावशी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होत्या. परत येताना मोटारसायकलवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची पसरलेली होती. मला ठसका लागला. त्यांनी पाठीवर थोपटलं.

२४ फेब्रुवारी

हिशेब सरळ आहे. १९ जानेवारीला मी तिथे बसलो होतो. तेव्हा दहा-अकरा दिवस झाले होते. औषधाचे दिवस संपले नव्हते.

आणि त्याच्याही मागे: २२ डिसेंबरला त्यांनी बरोबर ऐकलं होतं. ते चूक आहे असं त्यांना कोणी सांगितलं?

९ मार्च, रविवार

दुपारी दीपमालाचा फोन आला. आम्ही एरवी निरोप लिहितो, बोलत नाही. तिचा आवाज बोलताना खाली आला आहे. तिने विचारलं, आई माझ्यावर रागावली आहे का? फोनवर नुसती बोलत राहते, मी विचारलेल्याला उत्तर देत नाही, मधेच म्हणते नेट खराब शे.

मी सांगितलं. डॉक्टर, दोन आठवडे, सगळं. मग मी परीक्षणांचंही सांगितलं. क्रमाने, तिन्ही, काय लिहिलेलं होतं आणि मी काय वाचलं.

मग तिने तिचं सांगितलं.

थिएटरने तिला ऑक्टोबरातच कळवलं होतं की पुढच्या हंगामापासून करार नाही. ते आईला तोंडाने सांगायची तिला लाज वाटली. घर सोडून इतक्या लांब आले, आता दमले म्हणून कसं सांगायचं? तिने ठरवलं, पेपरातलं आईला वाचून दाखवलं जातंच. त्यातून आईला कळेल, आई ‘घरी ये’ म्हणेल, आणि ती येईल. नाताळात ती दोन आठवडे मोकळी होती.

“तिन्ही वाईट धाडात तुले. माय मन्ही ‘ये’ म्हणी म्हणीसन वाट देखत बठनू मी. आन् तू सांगस, चालू दे म्हणनी.” तिची अहिराणी अजून शाळेतल्यासारखी आहे. ती ओरडली नाही. “तुले फक्त वाचानं व्हतं, हेमकांत.”

मी म्हणालो, तुझं नाव खाली येऊ नये असं मला वाटलं.

“मन्हं का तुन्हं?” तिने विचारलं.

या प्रश्नाचा अर्थ मला नीट लागलेला नाही. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

३० मार्च, गुढीपाडवा

मावशींसाठी पाटी आणि पेन्सिल नेली. आता जे सांगायचं ते पाटीवर लिहायचं. मी लिहिलं: ‘दीपमाला आखाजीला येते आहे.’ त्यांनी ओठ हलवत वाचलं. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. दीपमाला अठ्ठावीस वर्षांत आखाजीला आलेली नाही.

“किती दिनसाठे?” त्यांनी विचारलं.

मी लिहिलं: ‘काम संपलं तिचं.’ लिहिताना बदलावंसं वाटलं. बदललं नाही.

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली, पदराने पुसली, आणि निंबाच्या फांदीकडे पाहत म्हणाल्या की दोर जुना झालाय, नवा आणायला हवा.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी स्टेशनवर मी आणि स्वप्नाली दोघं गेलो होतो. तीच म्हणाली, मीही येते. दीपमाला उतरली तर मला पटकन ओळखू आली नाही. केस पांढरे, आखूड. तिने स्वप्नालीला मिठी मारली आणि मला विचारलं, “कशा शेतस मास्तर?” बस्स. मोटारीत ती पुढे बसली नाही. स्वप्नालीशेजारी मागे बसली. दोघी वाटभर बोलत होत्या. मी गाडी चालवत होतो.

३० एप्रिल, आखाजी

सकाळी घागर पुजली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. दीपमालाच्या वारलेल्या वडिलांचं पान वाढलं. आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या. मग बायका निंबाखाली जमल्या. झोक्यावर गाणी झाली. मावशी मधोमध बसून सगळ्यांच्या ओठांकडे पाहत होत्या आणि टाळी मात्र ठेक्यात देत होत्या.

एकदम त्या म्हणाल्या, दीपमालाने तिकडचं गाणं म्हणावं. धोबिणीचं.

दीपमालाने मान हलवली, नको. मावशींनी तिला हाताला धरून समोर बसवलं, पाठमोरी, आणि आपला पंजा तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे ठेवला. लहानपणी वेणी घालायला बसवत तसं.

ती गायली. समोर निंब, झोका, परकर सावरून बसलेल्या मुली. पहिल्या ओळीलाच पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. जसोदाबाई म्हणाल्या, “बय, इतलं वरडस आन् तठे माईक बी नही?” कोणीतरी त्यांना गप्प केलं.

बावीस वर्षं मी या आवाजाबद्दल बोललो. पण लहानपणानंतर तो समोरासमोर आज पहिल्यांदा ऐकला. परीक्षकांनी लिहिलेलं सगळं खरं आहे. मधला आवाज उबदार आहे. वर जाताना तो फाटतो. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा उचललं, पुन्हा थांबली. शेवटचा सूर लागला नाही. तिने तो सोडून दिला आणि खालच्या सुरावर गाणं संपवलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी हात पाठीवरून काढला नाही. दुसऱ्या हाताने पाटी माझ्याकडे सरकवली.

“सांग, कशी गायनी? खरं लिख. पेपरवाला लिखतस तसं.”

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. दीपमाला मात्र पाठमोरीच राहिली. मी लिहिलं: ‘समज खोल. मधला आवाज उबदार. वरचा सूर तुटला. लांब ओळीत तीन ठिकाणी श्वास घेतला.’ अक्षर वाईट आलं.

मावशींनी एकेक शब्द ओठांवर घेत वाचलं. मला वाटलं होतं चेहरा उतरेल. तो उजळला. त्यांनी दीपमालाला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं.

“माले हिवायामाच, मोबाइलवर ऐकू ऊनं व्हतं,” त्या तिला म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग त्यांनी घरातून वही आणायला लावली आणि पाटीवरचं उतरवून घ्यायला सांगितलं. दीपमाला कोरं पान शोधत पानं उलटत गेली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर थांबली. मी शेजारीच होतो, मला दिसलं. २२ डिसेंबर. मावशींच्या अक्षरात: ‘हेमकांत म्हणे श्वास तोच शे. मन्हा कान गया.’

त्यानंतर वहीत काहीच नव्हतं.

दीपमालाने ते वाचलं. पान उलटून आजची तारीख टाकली आणि पाटीवरचं उतरवू लागली. मावशी वाकून तिचं अक्षर पाहत होत्या. ‘तीन’ला आल्यावर त्यांनी तिच्या मनगटाला हात लावून थांबवलं आणि चार बोटं वर केली.

“चार लिख. मन्हा हात व्हता पाठवर.”

दीपमालाने चार लिहिलं.

चारच होते. मीही मोजले होते. पाटी उचलून मी ‘तीन’ पुसलं, पण तिथे चार लिहिलं नाही. वहीत लिहून झालं होतं आणि मावशींनी वही मिटून मांडीखाली ठेवली होती.